यंत्राची जन्मपत्रिका

श्रोतेहो, येलदरीचे धरण आपल्या पूर्णा नदीवर उभे राहिले ते १९६८ साली. पायथ्याच्या वीजघरात साडेसात मेगावॉटचे तीन संच. एकूण क्षमता २२.५ मेगावॉट. असली यंत्रे वर्षानुवर्षे चालवायची, तर वंगण कधी दिले, बेअरिंग कधी बदलले, ही नोंद माणसाच्या डोक्यात ठेवून भागत नाही. माणूस निवृत्त होतो, अन् त्याच्याबरोबर यंत्राचा इतिहासही घरी जातो.

आता गावच्या नळयोजनेचा पंप घ्या. ऐन उन्हाळ्यात मोटार जळते. मागे ती कधी भरून आणली होती? कोणी सांगावे! मग दोन घागरींसाठी बायामाणसांची पायपीट ठरलेलीच.

अशा नोंदींसाठी आज संगणकाच्या मुक्त प्रणाली आहेत. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही त्यांपैकी एक. यंत्राचे नाव, देखभालीचे काम, ते किती दिवसांनी व कोणी करायचे, एवढे भरले की पुढची तारीख ती दाखवते. मुक्त म्हणजे नुसती फुकट नव्हे. तिची मूळ आज्ञावली उघडी आहे. ती वाचा, बदला, शेजारच्या गावाला द्या. ठेकेदार बदलला तरी वही आपल्याच हाती राहते.

मात्र लिहिणारा हात हवाच. गुरुजी, शाळेच्या हातपंपापासून आरंभ करा. मुलांच्या हाती आज साधी वही द्या. नोंदीची सवय जडली, की संगणक उद्या आला तरी चालेल.