दडपण आणि मत



मतस्वातंत्र्याचा विषय एका कापड व्यापाऱ्याकडे का सोपविला, असे आपणांस वाटले असेल. मलाही वाटले. परंतु धंद्यात भाव चढलेले पाहण्याची आम्हांस सवय असते आणि स्वतःच्या मताची किंमतही काही वेळा फार चढते.

२५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी आली. वृत्तपत्रांच्या मजकुराची छापण्यापूर्वी तपासणी होऊ लागली. मी तेव्हा शाळकरी वयाचा होतो. दुकानाच्या गादीवर बसलेली वडीलधारी मंडळी बोलता बोलता एकदम आवाज खाली आणीत, एवढे स्मरते. त्यांना तसे कोणी बजावले नव्हते. बहुतेकांचे मौन हे असे आपोआपच येते. ‘इंडियन एक्सप्रेस’ने मात्र अग्रलेखाची जागा कोरी सोडली आणि वाचकांना ती बरोबर वाचता आली.

त्याच वर्षी कराडला मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण त्या वेळी केंद्रात परराष्ट्रमंत्री होते. संमेलनाध्यक्ष दुर्गाबाई भागवत. बाईंनी त्या व्यासपीठावरून आणीबाणीचा निषेध केला आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले. आजाऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेस गुन्हा तरी कसे म्हणावे? लोकसंस्कृतीच्या अभ्यासात आयुष्य वेचलेल्या या विदुषीच्या पाठीशी ना पक्ष होता, ना कार्यकर्त्यांची फौज. पुढील वर्षी त्यांना अटक झाली.

न्यायासनावरील माणसालाही आपले मत सांभाळावे लागते. स्थानबद्धास आपल्या सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येईल काय, या प्रश्नावर २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ‘नाही’ म्हटले. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी विरुद्ध मत नोंदविले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास दिले गेले. त्यांनी राजीनामा दिला. चौघांपैकी आपले महाराष्ट्रीय न्या. यशवंतराव चंद्रचूड व न्या. भगवती यांसह कोणी भयापोटी तसे लिहिले, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. भगवतींनी २०११ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, हे येथे नमूद केले पाहिजे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढील खटल्यात तो निर्णय चुकीचा ठरविला गेला. तसे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचेच चिरंजीव. खन्ना २००८ मध्येच निवर्तले होते.