शिक्का आणि कसोटी

१९९८ साली इंटेलच्या सेलेरॉन ३००ए प्रोसेसरवर ३०० मेगाहर्ट्झचा शिक्का होता. बसच्या वेगाला ४.५ ने गुणायचं, हे कारखान्यातच पक्कं केलेलं. पण मदरबोर्डवर बस ६६ वरून १०० केली, की तोच प्रोसेसर ४५० ने धावे. तेवढ्या वेगाचा पेंटियम टू कितीतरी महाग होता. शिक्का कुवत ठरवत नाही, हे जातीविरुद्ध बोलणाऱ्या आपल्या मंचाला वेगळं सांगायला नको.

मात्र प्रत्येक नग ४५० गाठेच असं नाही. बसबरोबर मेमरीचाही वेग वाढतो. तिची टायमिंग फार आवळली, तर संगणक चालू राहतो आणि फाइली गुपचूप बिघडतात. म्हणून मी आधी रात्रभर मेमरीची चाचणी लावतो, मगच विश्वास ठेवतो. शिक्का नाकारणाऱ्याने कसोटी जास्तच कडक लावावी.