आलेखाचा पाया खरा असू दे

(पुण्यात हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपले वार्तापत्र आता तुमच्यापैकी बहुतेकांना ईमेलने येते. ते जुळवण्याचे काम माझ्याकडे आहे. "नुसते आकडे वाचून डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही, एखादे चित्र द्या," असे काहींनी सुचवले, म्हणून मी आलेख काढायला बसलो. त्यात माझ्याकडून एक चूक झाली. ती आज तुम्हांला सांगायची आहे.

आकडे २०११ च्या जनगणनेचे होते. महाराष्ट्रात सात वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे ७६ टक्के साक्षर. अनुसूचित जमातींच्या स्त्रियांमध्ये ५७ टक्के. मी दोन उभे स्तंभ काढले. शून्यापासून काढल्यावर फरक फारसा डोळ्यांत भरेना. मग मी मोजपट्टी ५० पासून सुरू केली. आता एक स्तंभ २६ घरे उंच, दुसरा जेमतेम ७. आकडा एकही खोटा नव्हता. पण आदिवासी स्त्रीचा स्तंभ दुसऱ्याच्या जवळजवळ पाव उंचीचा दिसू लागला. हे पाहून लोकांचे मन द्रवेल, मदत चांगली येईल, असे माझ्या मनात आले. हे मी कबूल करतो.

पत्र पाठवण्याआधी आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका ताईंना ते दाखवले. त्या आंबेगाव तालुक्यातल्या, महादेव कोळी समाजाच्या, वसतिगृहात राहून शिकलेल्या. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, आमच्यातल्या शंभरातल्या सत्तावन्न जणी वाचतात ना? मग त्यातल्या पन्नास तुम्ही जमिनीत पुरल्या की!"

मला उत्तर सुचेना. नीतिसूत्रांत खोट्या तराजूविषयी इशारा आहे, तो आपण बाजारातल्या दुकानदारासाठी आहे असे समजतो. त्या दिवशी तराजू माझ्याच हातात होता.

आकडे मांडून मदत मागणे यात गैर काही नाही. १८९० साली शारदा सदन पुण्यात आणणाऱ्या पंडिता रमाबाईंनी त्याआधी अमेरिकेत असताना इंग्रजीत पुस्तक लिहिले, तेव्हा तिथल्या वाचकांपुढे जनगणनेतले स्त्रीशिक्षणाचे आकडे ठेवले होते. परक्या देशातल्या माणसाला इथली स्थिती समजावी, एवढ्यासाठी आकडा हवा. ज्यांच्याविषयी तो आहे, त्यांना लहान करण्यासाठी नव्हे.

आता आम्ही काही नियम पाळतो. स्तंभ शून्यापासूनच सुरू होतो. एका पत्रात एकच आलेख. त्याखाली आकडा कुठला, कोणत्या वर्षाचा, हे लिहितो. ईमेलमध्ये आलेख साध्या चित्राच्या रूपात घालतो, कारण हलणारे, बोट लावल्यावर उघडणारे आलेख ईमेलमध्ये सहसा चालत नाहीत. पुष्कळांच्या ईमेलमध्ये चित्र आपोआप उघडत नाही, आणि काहींना नीट दिसत नाही. म्हणून आलेखाचे सार एका वाक्यात शब्दांतही देतो. अक्षरे मोठी ठेवतो, कारण तुम्ही बहुतेकजण पत्र मोबाइलवर वाचता. लाल आणि हिरवा हे रंग शेजारी ठेवत नाही. काहींना त्यांतला फरक कळत नाही.

आणखी एक नियम कठीण आहे. एखाद्या तिमाहीत आपल्या वसतिगृहातल्या मुली कमी झाल्या, तर तो उतरलेला स्तंभही छापायचा आणि कारणही सांगायचे. चढत्या स्तंभांचीच पत्रे पाठवली, तर तुम्हांला आमचे काम दिसेल. मुलींची अडचण दिसणार नाही.

तो आलेख मी पुन्हा काढला. दोन्ही स्तंभ शून्यापासून. खाली एकच वाक्य लिहिले : शंभरामागे एकोणीस जणींचे अंतर अजून उरले आहे. ताईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "आता पाठवा. एकोणीस काही थोड्या नाहीत."

पुढचे पत्र हाती आले, की स्तंभाच्या शेंड्याआधी त्याच्या पायथ्याकडे पाहा. तिथे शून्य दिसले नाही, तर मला जरूर विचारा.