समाजाचे बदलते वळण आणि आपला सभासद-पट

(संस्थेच्या अमृतमहोत्सवी सभेत बडोदे येथे केलेले भाषण)



अमृतमहोत्सवाच्या या सभेत ‘समाजातील नवे प्रवाह आणि उद्याचा समाज’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय मोठा आहे. अशा विषयावर बोलणारा माणूस बहुधा दोन वाटांपैकी एक धरतो. एक तर तो गेलेल्या काळाचे गोडवे गाऊन आजच्या पिढीला बोल लावतो, नाही तर येणाऱ्या काळाच्या स्वागताला कमानी उभारतो. या दोन्ही वाटा मी सोडणार आहे. आपल्या बडोद्याच्या मराठी समाजाचेच उदाहरण घेऊन समाजाला वळण कसे लागते, आणि त्यात आपल्यासारख्या संस्थेच्या हाती नेमके काय असते, एवढेच आपल्यापुढे मांडावे असा विचार आहे. शेवटी एक सूचनाही करायची आहे. ती सर्वांना रुचेल असे नाही; पण महोत्सवाच्या पंगतीत केवळ गोडच वाढावे असा काही दंडक नाही.

समाजात बदल शिरतो तो माझ्या मते तीन दारांनी. पहिले दार पोटापाण्याचे, दुसरे कायद्याचे आणि तिसरे घराचे.

पहिल्या दाराचा विचार प्रथम करू. आपले पूर्वज अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेबरोबर आणि दप्तराबरोबर गुजरातेत आले. कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी वैद्य, कोणी याज्ञिक, कोणी गवई. दरबारची चाकरी हीच उपजीविका, म्हणून वस्तीही दांडिया बाजार, रावपुरा अशी जुन्या शहराच्या आसपास. दरबारात मराठी होती, तोपर्यंत मराठी टिकवण्यासाठी कोणाला मुद्दाम काही करावे लागत नव्हते. ती पगाराबरोबरच घरी येत होती. पुढे 1890 साली कलाभवन निघाले, 1907 साली ॲलेंबिकचा कारखाना उभा राहिला, आणि चाकरीखेरीज दुसरे मार्ग दिसू लागले. 1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, दरबार संपला. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले. 1 मे 1960 पासून हे शहर गुजरात राज्याचे झाले. त्यानंतरच्या दहा वर्षांत खताचा कारखाना आला, कोयलीची तेलशुद्धी आली, आणि त्यांच्याबरोबर महाराष्ट्रातून नवी मराठी कुटुंबेही आली. आज आपल्या घरांतली मुलेमुली पुण्यात, बंगळूरात आणि परदेशात नोकऱ्या करीत आहेत.

या सर्व घडामोडींत ‘मराठी मागे पडो’ असा ठराव कोणीही केला नव्हता. तरी परिणाम पाहा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यास 1909 साली भरले, 1921 साली भरले आणि 1934 साली भरले. पंचवीस वर्षांत तीन संमेलने. त्यानंतरचे संमेलन भरले ते 2018 साली. मध्ये 84 वर्षे गेली. राजाश्रय गेला, पोटाची वाट बदलली, आणि भाषेचा व्यवहार आपोआप अरुंद होत गेला. या दारातून येणारा बदल आपण थोपवू शकत नाही. मुलाला चांगली नोकरी टोरंटोला मिळत असेल तर त्याला संस्थेच्या वर्धापनदिनासाठी येथेच थांब, असे कोणता बाप सांगेल?

दुसरे दार कायद्याचे. या बाबतीत बडोद्याइतके भाग्यवान गाव विरळा. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो सबंध संस्थानाला लागू केला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा सबंध देशात अमलात आला तो 1 एप्रिल 2010 रोजी. म्हणजे बडोदे शंभराहून अधिक वर्षे पुढे होते. बालविवाहाला आळा घालणारा कायदा येथे 1904 साली झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात तसा कायदा व्हायला 1929 साल उजाडले. हिंदू स्त्रीपुरुषांना घटस्फोटाची मुभा येथे 1931 साली मिळाली. देशात ती 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने आली. 1910 साली महाराजांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून गावोगाव ग्रंथालये काढण्याचे काम सोपविले. महाराणी चिमणाबाई 1927 साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा झाल्या.

एवढे सर्व खरे. आणि आपण ते अभिमानाने सांगतोही. परंतु 1904 चा कायदा झाल्यावरही दंड भरून लहान मुलामुलींची लग्ने लावणारी कुटुंबे होतीच. कायदा उंबरठ्यापर्यंत येतो. आत त्याला घेणे न घेणे घरातल्या माणसांच्या मनावर असते. तेव्हा तिसऱ्या दाराकडे, घराकडे, वळलेच पाहिजे.

या तिसऱ्या दाराची एक हकिकत बडोद्यातलीच आहे. महोत्सवी सभांत ती सहसा सांगितली जात नाही. सयाजीराव महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1913 साली अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. शिक्षण घेऊन 1917 साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी या शहरात आले. शिष्यवृत्ती राजाने दिली होती, नोकरी राज्याने दिली होती; राहायला खोली मात्र गावात मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून त्यांनी कसेबसे दहा दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ओळखीच्या दोन मित्रांकडे आसरा मागितला. त्यांनीही सबबी सांगितल्या. अखेर कमाटीबागेत काही तास बसून त्यांनी मुंबईची गाडी धरली. ही सारी हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. आज त्या जागेस संकल्पभूमी म्हणतात.

सबंध हिंदुस्थानात पुढारलेल्या राजाचे राज्य, त्याच राजाने शिकविलेला देशातला एक असामान्य विद्वान, आणि त्याला रात्र काढायला या गावात एक खोली नाही! दोष महाराजांच्या कायद्याचा म्हणावा काय? दार उघडायचे होते ते घरांनी, आणि घरे बंद राहिली. उद्याचा समाज कसा असेल हे ठरविणारे खरे ठिकाण हेच आहे, असे माझे नम्र मत आहे. पोटाची वाट जग ठरवते, कायदा सरकार करते. पण कोणाला आपले म्हणायचे, हे घरे ठरवतात, आणि घरांच्या मिळून झालेल्या संस्था ठरवतात.

म्हणून आता आपल्याच संस्थेच्या दाराकडे येऊ. आपल्या घटनेच्या सभासदत्वाच्या कलमात मराठी भाषक पित्याच्या संततीस सभासद होण्याचा हक्क आहे. मुलगी लग्नापूर्वी सभासद असू शकते. मराठी घरात तिचे लग्न झाले तर ती सासरच्या नावाने पटावर राहते. गुजराती, सिंधी, मल्याळी किंवा दुसऱ्या कोणत्याही भाषेच्या घरात झाले, तर तिचे नाव कमी होते आणि तिच्या मुलांचा तर प्रश्नच उरत नाही. मुलाने मात्र कोणत्याही भाषेची सून आणली तरी त्याचे घर पटावर कायम. हे कलम करणारी मंडळी वाईट होती असे मी मुळीच म्हणत नाही. त्या काळी बहुतेक संस्थांचे नियम याच धर्तीचे असत, आणि त्या काळात त्या नियमाने फारसे नुकसानही होत नव्हते.

ते का होत नव्हते, याचा हिशेब पाटीवर मांडून पाहू. आपल्या देशात एका स्त्रीला होणाऱ्या अपत्यांचे सरासरी प्रमाण 1971 साली 5.2 होते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ते 2.0 वर आले. मुलगा की मुलगी हा कौल साधारण निम्मानिम्मा धरला, तर ज्या घरात चार अपत्ये आहेत तेथे चारही मुलीच असण्याचा संभव सोळांत एक. अपत्ये दोनच असतील तर दोन्ही मुली असण्याचा संभव चारांत एक. एकुलते एक अपत्य असेल तर दोघांत एक. आपल्या घरांतून आज एक किंवा दोनच अपत्ये असतात. म्हणजे पूर्वी सोळांतले एक घर केवळ लेकींचे असे. आज चारांतले एक, नव्हे त्याहूनही अधिक घरे तशी आहेत. मुली शिकल्या, नोकरीस लागल्या, आपापले जोडीदार निवडू लागल्या. त्यांतल्या अनेकींनी दुसऱ्या भाषेच्या घरांशी सोयरीक केली. नियम होता तसाच राहिला, पण त्याच्या भोवतालचे कुटुंब बदलले. आणि जो नियम काल कुंपण होता तो आज कात्री झाला.

आणखी एक विसंगती पाहा. 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क जन्मतःच मिळाला. म्हणजे ज्या लेकीचा वडिलांच्या वाड्यात वाटा आहे, तिचे नाव वडिलांच्या संस्थेच्या पटावर नाही. सयाजीरावांच्या गावातल्या संस्थेला हे शोभते काय?

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांचा मी अनादर करीत नाही. पहिला आक्षेप देणगीदारांच्या इच्छेचा. ज्यांनी मराठी विद्यार्थ्यांसाठी म्हणून रक्कम ठेवली, ती त्याच कामी खर्च झाली पाहिजे, हे निर्विवाद आहे. पण आजोबांनी ठेवलेल्या शिष्यवृत्तीस मुलाचा मुलगा पात्र आणि मुलीचा मुलगा अपात्र, हे त्या आजोबांना स्वतःला रुचले असते, असे मला वाटत नाही. ज्या ठेवींच्या कागदांत स्पष्ट अट असेल त्या तशाच चालवाव्यात. बाकीच्यांना मोकळे करावे.

दुसरा आक्षेप पैशाचा: पाने कमी आणि पंगत मोठी. पण सभासद केवळ घेणारा नसतो, देणाराही असतो. आज पंगतीबाहेर बसविलेल्या लेकींत डॉक्टर आहेत, प्राध्यापिका आहेत, कारखाने चालविणाऱ्या आहेत. त्यांनी वर्गणी भरण्यापूर्वीच आपण त्यांची पावती फाडणे बंद केले आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा, आणि तो भाषेचा. घरात दुसरी भाषा शिरली की मराठी राहील काय, अशी भीती अनेकांना वाटते. ती खोटी नाही. परंतु वडील मराठी असलेल्या किती घरांतून आज मुले मराठी वाचतात, याची मोजणी प्रत्येकाने आपल्याच घरी करावी. रक्ताने भाषा येत नाही; ती कानाने येते आणि ऐकविणाऱ्याने ऐकवावी लागते. मुलाच्या कानावर पहिली भाषा बहुधा आईची पडते. म्हणजे ज्या घरात आई मराठी आहे ती घरे आपण पटावरून कमी करीत आलो, आणि भाषा टिकावी म्हणून परिसंवाद भरवीत आलो.

दार उघडल्याने आपले जे आहे ते पातळ होते, असेही कोणी म्हणतात. त्यांनी भाद्रपदात या शहरातून एक फेरी मारावी. एके काळी मराठी घरांचा असलेला गणपती आज सबंध बडोद्याचा झाला आहे. गुजराती पोळांतून तो बसतो, तेथली मुले आरती म्हणतात. त्याने गणपती उणा झाला काय? आणि गावाने जी सेव-उसळ आपली खूण म्हणून मिरवली, तिच्यातली उसळ कोणाच्या चुलीवरची? आपल्या लेकी नवरात्रात गरबा खेळतात, त्याने त्यांचे मराठीपण झिजत नाही. या गावात देवघेव हीच तीनशे वर्षांची रीत आहे.

आता सूचना. ती तीन कलमांची आहे. पहिले: आई किंवा वडील यांपैकी कोणीही एक मराठी भाषक असेल, त्या प्रत्येक व्यक्तीस सभासदत्वाचा समान हक्क असावा, सभासद मुलगा असो वा मुलगी, लग्न कोठेही झाले तरी नाव कायम राहावे आणि जोडीदारासही सभासद होता यावे. दुसरे: ज्याचे आईवडील दोघेही मराठी नाहीत, पण जो मराठी शिकला आहे आणि संस्थेच्या कामात दोन वर्षे हातभार लावील, त्यास सहयोगी सभासद करून घ्यावे, आणि त्याची जात किंवा धर्म कोणता, हा रकाना अर्जावर असूच नये. कमाटीबागेच्या या गावाने तेवढे तरी ऋण फेडावे. तिसरे: दर रविवारी वाचनालयात मुलांसाठी मराठी वाचनाचा एक तासाचा वर्ग सुरू करावा, आणि तो भाऊ-बहीण, नातू-नाती, शेजारीपाजारी, जो येईल त्याला मोकळा ठेवावा.

घटनेतील बदलासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल आणि बदलाची नोंद धर्मादाय कार्यालयात करावी लागेल. त्यास काही महिने जातील. परंतु एक काम उद्यापासून करता येईल आणि त्यास कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. चिटणीसांनी एक कोरी वही घालावी. प्रत्येक सभासदाने आपल्या घरातून लग्न होऊन गेलेल्या लेकींची, बहिणींची, आत्यांची नावे आणि पत्ते तीत लिहावेत. ठराव होईल तेव्हा पहिले आमंत्रण कोणाला पाठवायचे हे त्या वहीवरून कळेल. वही भरताना आपली संस्था खरोखर केवढी मोठी आहे, हेही कळेल.

वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी अध्यक्षमहाशयांस माझी विनंती आहे. विरोध असेल तर तो उघडपणे मांडला जावा. मतभेदाने संस्था मोडत नाही, हे 75 वर्षांत आपण पाहिलेच आहे.