आधार कसा सांगावा?

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस शांतीनगर नावाची मोठी वसाहत आहे. एकसारख्या इमारतींच्या रांगा, त्यांचे निरनिराळे सेक्टर आणि प्रत्येक इमारतीस दिलेला क्रमांक अशी तिची मांडणी आहे. नवख्या मनुष्यास प्रथमदर्शनी तेथील सर्वच इमारती सारख्या भासतात. अशा ठिकाणी पाकिटावर केवळ गृहस्थाचे नाव आणि 'शांतीनगर, मीरा रोड' एवढाच मजकूर असला, तर ते पत्र इष्ट घरी पोहोचणे दुरापास्तच समजावे. सेक्टर कोणता, इमारत कोणती, मजला कोणता, खोली कोणती, हे सारे यथाक्रम लिहिलेले असेल तरच टपालवाल्याचे पाऊल नेमक्या उंबरठ्याशी थांबते.

याच वसाहतीत राहणारी एक विद्यार्थिनी एम. ए. च्या परीक्षेसाठी ज्ञानेश्वरीच्या भाषेवर लघुप्रबंध लिहीत होती. वर्षभर तिने पुष्कळ वाचले, टिपणे काढली आणि शंभराहून अधिक पानांचा मजकूर सिद्ध करून मार्गदर्शक प्राध्यापकांपुढे ठेवला. प्राध्यापकांनी तो चाळला आणि एका तळटीपेवर बोट ठेवून इतकेच विचारले, "ही मूळ पोथी तुम्ही कोठे पाहिली?"

तळटीप होती ती इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीड भागातील पाटांगण येथे मिळालेल्या ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखिताची. विद्यार्थिनी निरुत्तर झाली. पोथी तिने पाहिली नव्हती. राजवाड्यांनी त्या पोथीवरून १९०९ साली छापलेला ग्रंथही तिने पाहिला नव्हता. एका टीकाकाराच्या पुस्तकात त्या पोथीतील काही ओव्या आणि खाली पोथीचा निर्देश होता. ओव्या घेताना तिने तो निर्देशही जसाच्या तसा उचलला होता.

यात अप्रामाणिकपणाचा हेतू यत्किंचितही नव्हता. परंतु दोष मोठा होता. राजवाड्यांच्या त्या प्रतीस मराठीच्या अभ्यासात मोठे मानाचे स्थान आहे. महाराष्ट्र शासनाने १९६० साली काढलेली ज्ञानेश्वरीची आवृत्तीही तिच्याच आधारे सिद्ध झाली. तथापि मूळ पोथी आज अभ्यासकांस पाहावयास उपलब्ध नाही, आणि त्यामुळेच तिच्या प्राचीनतेविषयी विद्वानांत वाद माजले. जी वस्तू पुढील कोणासही पडताळून पाहता येत नाही, ती आपण पाहिली असे सुचविणारी तळटीप म्हणजे न पाहिलेल्या घटनेची साक्षच होय.

विद्यार्थिनी घरी परतली ती खिन्न मनानेच. स्वल्पविराम कोठे द्यावा, नाव आधी की आडनाव, साल कंसात की शेवटी, या कटकटीने ती आधीच त्रासली होती. त्यात ही भर पडली. तिचे वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, परंतु पत्त्यांच्या बाबतीत त्यांचा अधिकार मोठा.

ते म्हणाले, "अगं, परत आलेल्या पाकिटावर आम्ही 'पत्ता अपुरा' असा शेरा मारीत असू. लिहिणाऱ्याला वाटे, मला घर ठाऊक आहे, तेव्हा टपालवाल्यालाही ठाऊक असणारच. पत्ता हा ज्याला घर ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहायचा असतो."

"पण बाबा, मी पत्ता पुरा लिहिला होता."

"पुरा होता, पण तू त्या घरी गेली नव्हतीस. ज्या घरी गेलीस त्याचाच पत्ता लिही."

आधार देण्याच्या शास्त्रातील पहिला नियम या साध्या उत्तरात आला आहे. जे पाहिले तेच नमूद करावे. दुसऱ्याच्या ग्रंथातून उतारा घेतला असेल, तर मूळ ग्रंथाचे नाव सांगून 'अमुक ग्रंथात उद्धृत' असे स्पष्ट लिहावे आणि त्या दुसऱ्या ग्रंथाचा पृष्ठांक द्यावा. तसे करण्यात कमीपणा नाही. मधल्या मनुष्याचे नाव गाळणे हे मात्र ऋण बुडविण्यासारखे आहे.

हा नियम पाश्चात्त्य विद्यापीठांकडून आला, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नव्हे. संस्कृत काव्यांचा प्रख्यात टीकाकार मल्लिनाथ याने, मुळात आधार नाही असे काहीही लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा आपल्या टीकेच्या आरंभीच केली आहे. खुद्द ज्ञानेश्वरीच्या शेवटी ग्रंथ शके १२१२ मध्ये झाला आणि सच्चिदानंदबाबा हे त्याचे लेखक, म्हणजे लिहून घेणारे, होते, अशी नोंद आहे. पुढे एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली, तिचा शक १५०६ हाही नमूद आहे. काळ, कर्ता, लेखनिक आणि शोधक एवढ्या गोष्टी ज्या समाजाने सात आणि चार शतकांपूर्वी लिहून ठेवल्या, त्या समाजास ग्रंथसूची ही परकी वस्तू खचित नव्हे.

येथे शकाविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. जुन्या मराठी ग्रंथांच्या मुखपृष्ठावर पुष्कळदा केवळ शक असतो. त्यात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. जसे १२१२ चे १२९० आणि १५०६ चे १५८४. परंतु जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. याकरिता ग्रंथावर जो शक छापला असेल तो तसाच देऊन शेजारी सन लिहावा. केवळ आपला हिशेब लिहून मूळ आकडा गाळू नये. हिशेब चुकल्यास वाचकाला सुधारता आला पाहिजे.

आता नोंदीच्या मांडणीकडे वळू. कर्त्याचे नाव, ग्रंथाचे नाव, संपादक किंवा अनुवादक, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, साल आणि पृष्ठ, हे तिचे अवयव होत. त्यांचा क्रम निरनिराळ्या पद्धतींत निरनिराळा असतो. भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकांत एमएलए पद्धती, समाजशास्त्रांत व मानसशास्त्रांत एपीए आणि इतिहासात शिकागो पद्धती विशेष रूढ आहे. एपीएमध्ये साल कर्त्याच्या नावालगत येते, कारण त्या शास्त्रांत संशोधन किती ताजे आहे याला महत्त्व. शिकागोच्या एका प्रकारात तळटीपा असतात, कारण इतिहासकाराला कागदाविषयी दोन शब्द अधिक सांगावे लागतात. विद्यापीठ किंवा नियतकालिक जी पद्धती सांगेल ती घ्यावी. मात्र एकदा घेतली म्हणजे शेवटपर्यंत पाळावी. अर्ध्या नोंदी एका रीतीने व अर्ध्या दुसऱ्या रीतीने लिहिल्या, तर वाचकास शोधण्याचा श्रम दुप्पट होतो.

मराठी ग्रंथांच्या बाबतीत काही अडचणी स्वतंत्र आहेत. सूचीत 'राजवाडे, वि. का.' असे आडनाव आधी येते. परंतु संतांस आडनावाने कोणी शोधत नाही, म्हणून ज्ञानेश्वर, एकनाथ यांची नोंद त्या नावांनीच करावी. टोपणनावाचा प्रश्न त्याहून नाजूक. 'केशवसुत' शोधणारा वाचक 'दामले' या नावाखाली पाहील असे नाही. सबब एका ठिकाणी नोंद करून दुसऱ्या ठिकाणी 'पाहा' असा निर्देश ठेवावा. वर्णानुक्रमातही मतभेद आहे. कोणी क्ष आणि ज्ञ ही अक्षरे ह आणि ळ यांच्या पुढे अगदी शेवटी घेतात; कोणी त्यांस जोडाक्षरे मानून क आणि ज यांच्या पोटात घालतात. दोन्ही रीती चालतील, पण कोणती घेतली हे सूचीच्या आरंभी सांगावे. नाहीतर 'ज्ञानेश्वरी' दोन्ही जागी शोधावी लागेल.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतील भेदही पाळावा. मजकूर बदलला तर ती नवी आवृत्ती. तोच मजकूर पुन्हा छापला तर ते पुनर्मुद्रण. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथाचा आधार पृष्ठाने न देता अध्याय आणि ओवी यांनी द्यावा. पण तेवढ्याने भागत नाही. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या या ग्रंथात प्रतीप्रतीत ओव्यांची संख्या कमीअधिक आहे, त्यामुळे एका प्रतीतील ओवीचा क्रमांक दुसरीत सरकतो. म्हणून प्रत कोणाची हे सांगितलेच पाहिजे.

ग्रंथच ठाऊक नसेल तर तो शोधावा कोठे? या कामी मराठी अभ्यासकांवर शंकर गणेश दाते यांचे उपकार फार मोठे आहेत. १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची त्यांनी सिद्ध केली आणि ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कागद दुर्मिळ असताना, प्रसिद्ध केली. १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ साली निघाला. अशा सूचीत कल्पनेला वाव नाही आणि टाळ्याही नाहीत; परंतु तिच्या आधाराने शेकडो प्रबंध उभे राहिले.

विद्यार्थिनीनेही तोच मार्ग धरला. पुढचे काही आठवडे सकाळच्या लोकलने ती मुंबईच्या ग्रंथालयांत जात राहिली. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात दादरला ती बसली, घोडबंदर मार्गे १८९३ सालच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातही गेली. अखेर राजवाड्यांचा छापील ग्रंथ तिच्या हाती आला. तिने आपल्या ओव्या एकेक करून ताडून पाहिल्या आणि एका ओवीपाशी ती थबकली. टीकाकाराच्या पुस्तकात जे जुने रूप छापले होते, ते राजवाड्यांच्या ग्रंथात नव्हतेच. नकलेत एक अक्षर चुकले होते, आणि त्या एका अक्षरावर तिच्या प्रकरणातील दोन पानांचा युक्तिवाद उभा होता.

ती दोन पाने तिने काढून टाकली. काढताना वाईट वाटले यात संशय नाही. परंतु ती राहिली असती, तर पुढच्या अभ्यासकाने तिच्या प्रबंधाचा आधार घेऊन तीच चूक आणखी एक पाऊल पुढे नेली असती.

हल्ली उसनवारी पकडणारी यंत्रे आली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांहून अधिक असल्यास त्याची प्रतवारी होते. साम्य साठ टक्क्यांहून अधिक निघाल्यास नोंदणीच रद्द होते. दुसरीकडे, मागाल तशी ग्रंथसूची क्षणात लिहून देणारी यंत्रेही आहेत, आणि त्यांच्या सूचीत कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे नीटनेटक्या स्वल्पविरामांसह आढळतात. साम्य मोजणारे यंत्र उसने शब्द दाखवील; परंतु आधार म्हणून दिलेला ग्रंथ लिहिणाऱ्याने उघडला होता की नाही, हे त्यास सांगता यावयाचे नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्याच्या सचोटीवरच राहते.

प्रबंध पुन्हा प्राध्यापकांकडे गेला तेव्हा त्या जागी नवी तळटीप होती. तीत राजवाडे यांचे नाव, १९०९ हे साल, अध्याय आणि ओवी होती. त्यापुढे एक वाक्य होते की मूळ पोथी पाहिलेली नाही, छापील ग्रंथावरून उतारा घेतला आहे. प्राध्यापकांनी ती वाचली आणि काही न बोलता पान उलटले.