ग्रंथाची शिवण



ज्या शाळेत आपण मुळाक्षरे गिरवली त्याच शाळेच्या व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा योग येणे हा बहुमान तर खराच, पण ती थोडीशी परीक्षाही असते. समोर बसलेल्यांपैकी निदान चौघांनी मला याच अंगणात अंगठे धरून उभा राहिलेला पाहिले आहे. त्यामुळे विद्वत्तेचा आव आणण्याची सोय नाही.

व्याख्यानाचा विषय कळवा, असे चिटणिसांचे पत्र आले तेव्हा मी 'ग्रंथाची शिवण' एवढेच लिहून पाठवले. त्यांनी दूरध्वनी करून विचारले, "शिवण म्हणजे अलंकारिक अर्थाने ना?" मी म्हटले, नाही. सुईने आणि दोऱ्याने घालतात त्या शिवणीविषयीच मला बोलायचे आहे. हा विषय का निवडला, हे ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या गुरुजींच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागणार नाही. इतरांसाठी थोडे सांगतो.

गुरुजी मराठी शिकवत आणि हस्तव्यवसायाचा तासही घेत. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की आम्ही जुन्या वह्या घेऊन ओसरीवर बसायचो. वह्यांतली कोरी राहिलेली पाने काढायची, आठ-आठ पाने मधोमध दुमडून त्यांचे जुज करायचे, घडीवर दाभणाने भोके पाडायची आणि मेण लावलेला दोरा घडीच्या आतून बाहेर, बाहेरून आत असा फिरवत एक जुज दुसऱ्याला बांधायचा. मैद्याची खळ शिजत असे. तिच्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद पडे. वही तयार झाली की परीक्षा. वही मधोमध उघडून जमिनीवर ठेवायची आणि दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे. वही आपण होऊन मिटली, तर शिवण उसवून पुन्हा घालायची. गुरुजी म्हणत, "पुस्तकाने वाचणाऱ्याचे हात अडकवून ठेवू नयेत." आमच्या घरी भाकरी थापता थापता समोर उघडी ठेवलेली वही पाहून माझा धडा म्हणून घेणारी आई होती. त्यामुळे या वाक्याचा अर्थ मला फार लवकर कळला.

गुरुजींची पिढी निजामी अमलात शिकली. माध्यमिक शिक्षण उर्दूतून. मराठी पुस्तक पुण्या-मुंबईहून किंवा सोलापूरहून कुणाच्या तरी ट्रंकेतून यायचे आणि दहा घरी फिरायचे. असे पुस्तक फाटले म्हणून टाकून देण्याची चैन कुणाला परवडणार? बांधणी ते बीदरच्या एका जिल्दसाजाकडे शिकले होते. म्हणून त्यांच्या तोंडी 'जुज' आणि 'जिल्द' हे शब्द. जुज म्हणजे भाग. कुराणाचे तीस भाग याच नावाने ओळखले जातात. जिल्द म्हणजे मुळात कातडे. आमच्या कन्नड शेजाऱ्यांच्या भाषेत ताडपत्रांच्या जुडग्याला 'कट्टु' म्हणत, म्हणजे बांधलेले. आणि आपला 'ग्रंथ' हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचाही अर्थ गुंफणे, बांधणे असाच आहे. तिन्ही भाषांत पुस्तकाला नाव मिळाले ते त्यातल्या मजकुरावरून नव्हे, बांधणीवरून. बीदरला महमूद गवानाने १४७२ च्या सुमारास मदरसा उभारला. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती, असे इतिहासकार सांगतात. ती लिहिणाऱ्यांबद्दल आपण बोलतो. ती बांधणारे हातही तिथेच कुठेतरी बसले असतील, हे सहसा मनात येत नाही.

मराठी पोथीची गोष्ट मात्र वेगळी. पोथीला शिवण नसते. सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापड. पान वाचून झाले की उलटून पलीकडे ठेवायचे. वाचणारा मांडी घालून बसलेला, पोथी समोर पाटावर सपाट, हात मोकळे. गुरुजींची परीक्षा पोथी न शिवताच उत्तीर्ण होते! छपाई आली तरी लोकांनी हा आकार सोडला नाही. मुंबई-पुण्याच्या शिळाछापखान्यांतून निघालेल्या कितीतरी पोथ्या सुट्या पानांच्याच आहेत.

या छपाईच्या इतिहासातला एक पुरुष माझ्या विशेष आवडीचा आहे: गणपत कृष्णाजी. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता; तिथे काम करताना त्यांनी छपाई पाहिली, आणि आपल्या धर्माची पुस्तके अशीच छापावीत असे त्यांच्या मनात आले. पण यंत्र आणायचे कुठून? बाजारात विकत मिळत नव्हते. त्यांनी स्वतः लाकडाचे यंत्र तयार केले, शिळाछापाच्या दगडाचा एक लहान तुकडा मिळवला, शाई स्वतः करून पाहिली आणि किरकोळ कामे छापत छापत हात बसवला. १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापले. पुढे लोखंडी यंत्र आले, टाइपही त्यांनी स्वतः पाडले. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात त्यांची हकीकत नोंदवून ठेवली, म्हणून ती आपल्याला ठाऊक. शाईत चरबी असते या समजुतीने छापील पोथीला शिवायला लोक कचरत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरली अशीही कथा सांगतात. गणपत कृष्णाजी १८६० साली वारले. त्यांच्या नावावर पेटंट नाही. जगाच्या दृष्टीने त्यांनी नवे काही शोधले नाही, हेही खरे. जर्मनीत आणि इंग्लंडात जे होते तेच त्यांनी इथे पुन्हा घडवले. पण ज्याच्यापाशी यंत्र नाही, नकाशा नाही आणि शिकवणाराही नाही, त्याने ती गोष्ट पहिल्यापासून उभी करणे याला मी तरी शोधच म्हणतो. इतिहासकारांनी मला माफ करावे.

आता ज्या कामात गुरुजींनी आम्हाला बसवले त्या कामाकडे वळू. छापण्याचे यंत्र वाफेवर चालू लागले आणि कागदांचे ढीग साचू लागले. पण ते ढीग दुमडणारे आणि शिवणारे हात तेवढेच राहिले. इंग्लंड-अमेरिकेत हे हात बहुतेक स्त्रियांचे असत. आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या छापखान्यांत फर्मे दुमडण्याचे काम स्त्रियाही करीत आल्या. तोवर कपडे शिवण्याचे यंत्र निघाले होते. फ्रान्समध्ये थिमोनिये नावाच्या शिंप्याने १८३० साली तसे यंत्र केले, तर पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी पोट मारले जाईल या भीतीने त्याचा कारखाना फोडला. अमेरिकेत एलायस हाउने १८४६ साली टोकाशी नेढे असलेल्या सुईचे आणि खाली फिरणाऱ्या धोट्याचे पेटंट घेतले. आपल्या शिंप्याच्या यंत्रात आजही तीच जोडी आहे.

पण कापड शिवणे निराळे आणि पुस्तक शिवणे निराळे. कापड वरून आणि खालून दोन्हीकडून मोकळे असते. जुजाची शिवण घडीच्या पोटातून निघते, पाठीवर येते, आधीच्या जुजाला धरते आणि पुन्हा पोटात शिरते. शिवाय दर जुजागणिक पुस्तक जाड होत जाते. ही अडचण सोडवली ती अमेरिकेतल्या डेव्हिड मॅक्कॉनेल स्मिथ याने. ग्रंथशिलाईच्या यंत्राचे त्याचे पेटंट १८६८ चे. पुढे अनेक सुधारणा करून हार्टफर्ड गावी त्याच्या नावाच्या कंपनीने ती यंत्रे बनवली. त्या यंत्राला चार बाहू असत. कामगाराने जुज मधोमध उघडून बाहूवर टाकायचे, दोरीवर धोतर वाळत घालतात तसे. बाहू फिरून ते सुयांपुढे नेई. सुया सरळ नव्हत, वाकड्या होत्या: घडीला पडलेल्या एका भोकातून आत शिरून शेजारच्या भोकातून बाहेर येत. म्हणजे बाईच्या मनगटाचा जो वळसा, तोच त्याने लोखंडात उतरवला. मला या यंत्राचे कौतुक वाटते ते एवढ्यासाठी की, काम लवकर व्हावे म्हणून त्याने कामाची जात बदलली नाही. घडी तशीच राहिली, दोरा तसाच राहिला आणि पुस्तक उघडले की सपाट पडले. आजही जगभर या शिवणीला स्मिथचेच नाव आहे.

लवकर उरकण्याचे इतर मार्ग निघालेच. विल्यम हॅन्कॉक नावाच्या इंग्रजाने १८३६ साली शिवण सोडून रबराच्या लुकणाने पाने चिकटवण्याचे पेटंट घेतले. पुस्तके दिसायला देखणी होती. काही वर्षांनी रबर सुकले आणि पाने गळाली. जर्मनीत ब्रेमर बंधूंनी तारेने टाचण्याची यंत्रे काढली. आपल्या वह्यांना असते तशी तार, पावसाळ्यात गंजणारी. आणि एक गंमत: स्वित्झर्लंडमधल्या फ्राउएनफेल्ड गावी मार्टिनी नावाच्या यंत्रज्ञाच्या कारखान्यात पुस्तके दुमडण्याची व शिवण्याची यंत्रे होत. याच मार्टिनीने बसवलेल्या खटक्यावर इंग्रजी फौजेची १८७१ ची मार्टिनी-हेन्री बंदूक निघाली. एकाच माणसाच्या डोक्यातून दोन यंत्रे आली. त्यांपैकी आपल्या देशाच्या वाट्याला कोणते आधी आले, ते सांगायला नको.

इथपर्यंत बोललो ते वाचून मिळवलेले. आता जे सांगायचे आहे ते या गावात मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

१९८६ साली मी एका शहरातल्या महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. जुन्या ग्रंथांची शिवण ढिली झाली होती. दुरुस्तीसाठी दोन दरपत्रके आली. एक म्हाताऱ्या दफ्तरीचे: प्रत्येक ग्रंथ उसवून, फाटके जुज सांधून पुन्हा शिवायचे, महिने लागतील. दुसरे एका छापखान्याचे: कणा कापायचा आणि डिंकासारख्या रसायनाने पाने चिकटवायची, निम्म्याहून कमी दर, आठ दिवसांत काम. वर्षअखेर जवळ आली होती, अनुदान परत जाणार होते. मी दुसऱ्या कागदावर सही केली. त्या दफ्तरीला मी स्वतः जाऊन सांगितले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, घडीच कापली, तर पुढे शिवणार कशात?"

ग्रंथ चकचकीत होऊन आले. दोन उन्हाळे गेले आणि चिकटवण तडकली. पुस्तक जोर लावून उघडावे तर पाने हातात येत; जोर न लावावा तर आतल्या बाजूची अक्षरे दिसत नसत. त्यांत एकोणिसाव्या शतकात मुंबईत छापलेले काही ग्रंथ होते. त्यांतल्या एकाच्या समासात कुणा जुन्या वाचकाने मोडीत बारीक टिपणे लिहून ठेवली होती. कातरणाऱ्याने कडा सरळ करताना प्रत्येक ओळीचा अर्धा शब्द नेला. कोण होता तो वाचक, काय म्हणत होता, हे आता कुणालाही कळणार नाही, आणि त्या कामावर सही माझी आहे.

सेवानिवृत्तीनंतर गुरुजी एकदा त्या शहरात आले तेव्हा मला भेटायला ग्रंथालयात आले. मी कौतुकाने कपाटे दाखवत होतो. त्यांनी एक ग्रंथ काढला, मेजावर मधोमध उघडून ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. ग्रंथ हळूहळू मिटला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले नाही. पुस्तक जागच्या जागी ठेवून म्हणाले, "चहा कुठे मिळतो रे इथे?" चहा पिताना त्यांनी घरची, मुलाबाळांची चौकशी केली. त्या ग्रंथाबद्दल ना तेव्हा बोलले, ना पुढे कधी.

दुसऱ्याच आठवड्यात मी त्या दफ्तरीकडे गेलो. कापलेली घडी पुन्हा करता येते का, असे विचारले. येते, पण तिला फार वेळ लागतो. दोन सुटी पाने शेजारी ठेवायची, मधे अगदी पातळ कागदाची पट्टी खळीने जोडायची, वाळू द्यायची आणि त्या पट्टीवर घडी घालायची. अशी चार जोडपाने एकात एक घातली की एक जुज. मग दोरा. पट्ट्यांमुळे कणा जाड होतो, बांधणी थोडी बेढब दिसते. पण पुस्तक उघडे राहते. तो हयात होता तोवर मी दर रविवारी त्याच्याकडे बसलो. निवृत्त झाल्यावर, महाविद्यालयाच्या परवानगीने, ते ग्रंथ एकेक करून घरी आणतो, दुरुस्त करतो आणि परत नेऊन देतो. आजवर एकोणीस झाले. मोडी टिपणांचा ग्रंथ मी सर्वांत आधी घेतला होता. शब्द अर्धेच आहेत, पण पान सपाट पडते.

परवा शाळेचे ग्रंथालय पाहिले. गुरुजींच्या हातची बांधणी असलेली काही पुस्तके अजून तिथे आहेत. पाठीवरची कापडी पट्टी ओळखू येते. त्यांच्या शेजारी अलीकडची चिकटवलेली पुस्तकेही आहेत आणि त्यांची पाने निघू लागली आहेत. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. उद्या सकाळी नऊ वाजता ओसरीवर सातवी-आठवीची मुले जुन्या वह्या घेऊन येणार आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांचे हात अजून थरथरत नाहीत, त्यांनीही यावे. दाभण, मेण आणि दोरा मी बरोबर आणला आहे. खळ मात्र इथेच शिजवावी लागेल.