बेटावरचे चार दिवस आणि घरातला अर्धा तास

मैत्रिणींनो, चुलीपाशी, गोठ्यात, शिलाई मशीनवर, जिथे असाल तिथे हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आज आम्ही आमच्या सहलीची गोष्ट सांगणार आहोत.

आम्ही आजरा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी. नेहमीच्या बचतीशिवाय महिन्याला 100 रुपये आम्ही वेगळे टाकत होतो. दीड वर्षात प्रत्येकीचे 1,800 रुपये जमले. पैसे जमले, पण घरातून परवानगी कशी मिळायची? "आराम करायला जातोय" म्हटलं असतं तर कुणी सोडलं नसतं. मग आम्ही म्हणालो, देवदर्शनाला जातोय. आणि ते खोटंही नव्हतं.

गोव्यात मांडवी नदीच्या पात्रात दिवाडी नावाचं बेट आहे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. पोर्तुगीज काळात ते पाडलं गेलं, देव नदीपलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 साली शिवाजी महाराजांनी केला. महाराजांचं नाव निघाल्यावर घरचे काय बोलणार? गेल्या पौषात, भाताची मळणी उरकल्यावर, आम्ही निघालो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढचं पूर्ण भरलं. जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं पलीकडे गेलो. पायी माणसाला त्या बोटीत तिकीट लागत नाही. चार-पाच मिनिटांत बेटावर.

एका घरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. घरमालकीण मावशी कोकणी बोलायच्या, आम्ही आमची मराठी. पण बाईची भाषा बाईला कळतेच.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला आम्ही सगळ्या जाग्या. पाणी तापवायचं नाही, धार काढायची नाही, डबा करायचा नाही. मग करायचं काय? एकीनं तर अंगणच झाडून काढलं! थोड्या वेळानं सायकलवरून भोंगा वाजवत पदेर आला, म्हणजे पाववाला. त्याच्याकडून कोंड्यासकट गव्हाची पोई घेतली. दहाच्या सुमाराला मावशींनी उकड्या तांदळाची पेज दिली. तेव्हा आमच्या लक्षात आलं, घरी या वेळेपर्यंत आमचे चार कप चहा झालेले असतात आणि पोटात घास नसतो.

हा पहिला धडा. चहा म्हणजे न्याहारी नव्हे. शिवाय जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी नीट लागत नाही. आमच्यातल्या सहा जणींचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली आहे. आता आम्ही सकाळी नाचणीची आंबील नाहीतर पेज घेतो, आणि चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर. भाजीवर लिंबू पिळतो, त्यानं लोह जास्त शोषलं जातं.

दुसरा धडा चालण्याचा. तुम्ही म्हणाल, आम्ही काय कमी चालतो? चालतो की! पण डोक्यावर बिंडा, कडेला पोर, एका हातात कळशी. बेटावर संध्याकाळी खारफुटीच्या कडेनं, खाजन शेताच्या बांधावरून आम्ही रिकाम्या हातानं चाललो. पहिल्या दिवशी हात कुठे ठेवायचे तेच कळेना. दुसऱ्या दिवशी मान मोकळी झाली, तिसऱ्या दिवशी तर गप्पाच संपेनात. कष्ट वेगळे आणि व्यायाम वेगळा, हे तिथे अंगाला कळलं.

तिसरा धडा दुपारचा. तिथे दुपारी एकनंतर दुकानं बंद, रस्ता सामसूम. गोव्यात याला 'सुशेगाद' म्हणतात. आळशी माणसाचा शब्द असं आम्ही समजत होतो. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ आहे शांत, निवांत. मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दुपारी माझं दार वाजवायचं नाही." आम्ही आडव्या झालो, पण झोप येईना. काहीतरी चोरून करतोय असं वाटत राहिलं. दुखणं आल्याशिवाय दिवसा पाठ टेकायची नसते, हे आपल्याला कोणी शिकवलं? कोणीच नाही. आईला बघूनच शिकलो.

आता खरी गोष्ट ऐका. तिसऱ्या रात्री आम्ही गोल करून जेवत होतो. गरम भात, माशाची आमटी, ज्या खात नाहीत त्यांना डाळ, वर सोलकढी. आमच्यातली एक म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा सलग तीन दिवस गरम जेवले." सगळ्या हसलो. आणि मग वर बघितलं, तर मावशी दाराशी उभ्या. वाढायला. तीन दिवसांत त्या एकदाही आमच्याबरोबर बसल्या नव्हत्या. घरी आपण जिथे उभ्या असतो, तिथे त्या उभ्या होत्या!

आमचा घास घशात अडकला. एक उठली, पाट मांडला, दुसरीनं ताट वाढलं. मावशी नको नको म्हणाल्या, मग बसल्या. त्या रात्री भांडी आम्ही घासली. आपला आराम दुसऱ्या बाईच्या पाठीवर टाकला, तर तो आराम नव्हे, नुसती पाळी बदलली. हा धडा आम्ही कुठल्याच शिबिरात शिकलो नव्हतो.

अजून एक सांगायला हवं, कारण त्यात आमची चूक आहे. आमच्यातल्या एका काकूंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. बेटावर त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी गोळी बंद केली. आम्हाला कळलं, तरी आम्ही म्हणालो, "बघा, हवा बदलली की आजार पळतो." गावी आल्यावर दहाव्या दिवशी काकू गोठ्यात चक्कर येऊन बसल्या. आशाताईंनी उपकेंद्रात नेलं. रक्तदाब 180 आणि 110. वेळेवर नेलं म्हणून निभावलं. मैत्रिणींनो, रक्तदाब चढलेला असला तरी बरेचदा काहीच जाणवत नाही. 140 आणि 90 च्या वर सतत राहिला तर तो वाढलेलाच. बरं वाटणं हा गोळी बंद करायचा निरोप नाही. तो निरोप डॉक्टरांनीच द्यायचा.

तेव्हापासून दर महिन्याच्या बैठकीत बचतीच्या वहीशेजारी दुसरी वही असते. आशाताई रक्तदाब मोजतात, आम्ही आकडा लिहितो, आणि गोळी घेतली का ते विचारतो. मिठाचंही बोललो. मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्याहून थोडं कमीच. आमचा गट पापड-लोणचं विकतो, म्हणून हे बोलणं जड गेलं. पण घरी ताटात लोणचं, पापड आणि सुकट एकाच वेळी नको, एवढं ठरवलं.

आणि ठरवला अर्धा तास. दुपारी दोन ते अडीच. त्या वेळेत गटातली कोणी कुणाला हाक मारत नाही, फोन करत नाही. सुरुवातीला सासूबाई कुरकुरल्या. एका घरी तर सुनेनं सासूलाच म्हटलं, "आत्या, तुम्हीबी टेका पाठ." आता दोघी टेकतात. सगळ्या घरांत जमलं असं नाही. चौघींना अजून जमत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणींना तर अर्धा तास कुठून मिळणार, हे आम्ही जाणतो. पण रात्रीचं जेवण सगळ्यांबरोबर, स्वतःचं ताट त्याच वेळी वाढून, एवढं तर जमेल?

बेटावर पुन्हा कधी जाऊ माहीत नाही. पैसे पुन्हा साठवायला घेतलेत. पण त्याआधी एक करा. आज रात्री वाढताना ताटं मोजा, आणि त्यात आपलं ताट धरा. घरात दुसरी कोणी दाराशी उभी असेल, तर तिचंही धरा.

येतो आम्ही. नमस्कार.